सासोफेर्रातोची मेरी कॉपी करत ऑइल पोर्ट्रेट कसं शिकायचं

ऑइलमध्ये पोर्ट्रेट शिकायचंय म्हटलं की बहुतेक जण एखादा फोटो समोर ठेवून थेट सुरुवात करतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा चिखलासारखा मळकट होतो आणि नक्की कुठे बिघडलं तेच कळत नाही. फोटोतून साम्य मिळतं, पण रंग कुठल्या क्रमाने चढवायचा, कुठली कड धारदार ठेवायची आणि कुठली विरघळवून टाकायची, सावलीत किती कमी दाखवायचं, हे फोटो सांगत नाही. जुन्या मास्टरच्या चित्रात हे सगळं कोणीतरी विचार करून आधीच ठरवलेलं असतं. म्हणून नवीन शिकणाऱ्याला मी नेहमी सांगते की एक जुनं धार्मिक चित्र निवडा आणि ते एकच नीट, न घाईने, शेवटपर्यंत कॉपी करा. दहा अर्धवट अभ्यासांपेक्षा त्यातून जास्त मिळतं.

मी सुचवते ते चित्र म्हणजे सतराव्या शतकातल्या सासोफेर्रातो या इटालियन चित्रकाराची 'प्रार्थना करणारी मेरी', म्हणजे येशूची आई, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते. कॅनव्हासवर ऑइल, साधारण १६४० ते १६५० च्या दरम्यानचं, आकार ७३ बाय ५७.७ सेंटीमीटर. पार्श्वभूमी पूर्ण काळोखी, मान खाली झुकलेली, हात जोडलेले, डोक्यावर पांढरी ओढणी, त्यावरून निळं वस्त्र आणि आत लाल झगा. बास, एवढंच. पण शिकायला यासारखं चित्र नाही, कारण डोळे खाली झुकलेत त्यामुळे बुबुळं, त्यातली चमक, नजर कुठे लागलीय ही सगळी अवघड भानगड बाजूला राहते, तोंड मिटलेलं आहे, पार्श्वभूमीत काही नाही, आणि रंग मोजून तीन-चार. म्हणजे तुमचं सगळं लक्ष उजेड-सावली आणि आकारावर राहतं आणि पोर्ट्रेटमध्ये सुरुवातीला तेच यायला हवं.

हा चित्रकार स्वतः कॉपी करत मोठा झालेला माणूस होता, हे मला फार आवडतं. खरं नाव जोव्हान्नी बात्तिस्ता साल्व्ही, १६०९ मध्ये इटलीतल्या सासोफेर्रातो गावी जन्म आणि गावाचंच नाव पुढे चिकटलं. प्रसिद्ध इटालियन चित्रकार राफाएल त्याच्या शंभरेक वर्षं आधी होऊन गेलेला, पण हा त्याची चित्रं आयुष्यभर कॉपी करत राहिला, पेरुजिनो आणि ग्विदो रेनी या इटालियन चित्रकारांचीही केली. स्वतःची ही मेरीसुद्धा त्याने परत परत वेगवेगळ्या रूपांत रंगवली, लोक घरात पूजेसाठी मागायचे. त्याची बरीच ड्रॉइंग्ज आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहेत आणि त्यातल्या कित्येकांवर चौकटी आखलेल्या दिसतात, म्हणजे चौकटी आखून चित्र मोठं करणं ही काही नवशिक्यांची पळवाट वगैरे नाही, तो स्वतः तसंच करायचा.

आता इमेज कुठून घ्यायची. शक्यतो म्युझियमच्याच साइटवरची घ्या, झूम करता येते ती. सर्चमध्ये याच चित्राच्या वीस इमेज येतील आणि प्रत्येकीत निळा वेगळा आणि त्वचा वेगळी दिसेल, कुठे पिवळट कुठे गुलाबी. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा, मध्येच बदलली की सगळा रंगांचा हिशोब कोसळतो. एक रंगीत प्रिंट काढा, एक ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा, आणि चेहरा व हात यांचे वेगळे मोठे प्रिंट. मोबाइलवर बघून रंगवू नका, स्क्रीन आतून उजळलेली असते, त्यामुळे तिच्यावरचा पांढरा तुमच्या ट्यूबमधल्या पांढऱ्याला कधीच गाठता येत नाही आणि तुम्ही उगाच पांढरा ओतत राहता. बारकावे बघायला स्क्रीन, रंगवायला प्रिंट.

सामान कमी घ्या पण बरं घ्या. रंग एवढेच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड किंवा त्याच्या जवळचा एखादा उबदार लाल, परमनंट अ‍ॅलिझरिन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि अल्ट्रामरीन. जुना खरा अ‍ॅलिझरिन क्रिमझन उजेडात फिका पडतो म्हणून परमनंट लिहिलेला बघून घ्या. त्या काळी पांढरा म्हणजे लेड व्हाइट, शिशाचा, तो दिसायला सुंदर पण विषारी, शिकताना त्याच्या वाटेला जाऊच नका. टायटॅनियम व्हाइट त्यापेक्षा थंड आणि झाकणारा आहे, त्यामुळे तो कुठेही कमीच घ्यायचा आणि त्वचेत घालताना आधी कणभर ऑकर मिसळून घ्यायचा. ब्रश दोन-तीन मध्यम फिल्बर्ट (चपटे, गोलसर टोकाचे), दोन बारीक राउंड (गोल, टोकदार), एक मऊ रुंद ब्रश कडा विरघळवायला. जवसाचं तेल, बिनवासाचं थिनर, पॅलेट नाइफ, जुनी सुती फडकी.

कॅनव्हास मूळ मापाचा घेऊ नका. पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियममध्ये १७९३ पासून चित्रकारांना समोर बसून कॉपी करू देतात आणि तिथे नियमच आहे की कॉपी मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांश लहान किंवा मोठी हवी, म्हणजे उद्या कोणी ती अस्सल म्हणून खपवू नये. घरी करतानाही हीच शिस्त पाळा. ५० सेंटीमीटर उंची घेतलीत तर रुंदी साधारण ३९.५ येते, प्रमाण बरोबर राहतं. रेडिमेड प्राइम केलेला, म्हणजे रंगासाठी पांढरा थर आधीच दिलेला कॅनव्हास चालेल पण त्याचा पांढरा शुभ्रपणा आधी मारा. रॉ अंबर, थोडा बर्न्ट सिएना आणि थोडा पांढरा थिनरमध्ये पातळ करून फडक्याने सगळीकडे चोळा, चहाच्या रंगासारखा मध्यम तपकिरी टोन आला पाहिजे. सतराव्या शतकातले इटालियन चित्रकार बऱ्याचदा अशाच तपकिरी, लालसर पायावर काम करायचे. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि माणूस घाबरून सगळंच फिकं रंगवतो, मध्यम टोनवर उजेड आणि सावली दोन्ही लगेच कळतात. हा थर पूर्ण वाळू द्या, दोन-तीन दिवस लागले तर लागू देत.

ड्रॉइंगला वेळ द्या, अगदी कंटाळा येईपर्यंत. प्रिंटवर आणि कॅनव्हासवर सारख्या संख्येच्या चौकटी आखा, ५० सेंटीमीटरच्या कॅनव्हासवर ५ सेंटीमीटरच्या चौकटी पुरतात, फक्त चेहरा आणि हात जिथे येतात तिथे त्याच चौकटी आणखी चारात भागा. आधी मोठे आकार धरा: ओढणीचा बाहेरचा आकार, निळ्या वस्त्राचा त्रिकोण, चेहऱ्याचा कललेला अंडाकार. मग चेहऱ्याची मधली रेषा काढा, कपाळाच्या मध्यापासून नाकावरून हनुवटीपर्यंत. मान झुकलेली आणि वळलेली असल्यामुळे ही रेषा सरळ नसते, बाहेर फुगलेली वक्र असते, आणि डोळ्यांची रेषा, नाकाचा तळ, ओठांची फट या तिन्ही रेषा त्याच वळणाने झुकतात. झुकलेल्या डोक्यात कपाळ मोठं दिसतं आणि नाकाखालचा भाग आखडतो. आपल्या डोक्यात मात्र समोरून बघितलेला चेहरा पक्का बसलेला असतो, हात आपोआप डोळे वर ओढतो आणि हनुवटी लांबवतो, म्हणून इथे डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, चौकटीवर ठेवायचा. झालं की प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करा आणि पुन्हा तपासा, मग आरशात बघा. डोळ्याला खटकेल ते आत्ताच दुरुस्त करा, रंगाखाली गेलेली चूक रंगाने सुधारत नाही.

यानंतर येतं ते अंडरपेंटिंग, म्हणजे रंगांच्या खालचा उजेड-सावलीचा थर, आणि सगळ्यात जास्त वेळ मी इथे द्यायला सांगेन. रंग अजिबात घ्यायचे नाहीत, फक्त रॉ अंबर आणि पांढरा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट समोर ठेवा, डोळे बारीक करून बघा, आणि चित्र तीन भागांत वाटा: सावली, मधला टोन, उजेड. सावल्या पातळ अंबरने भरा, अगदी पातळ, कॅनव्हासचा पोत दिसत राहिला पाहिजे. मधल्या टोनला हातच लावू नका, तुम्ही चोळलेला तपकिरी पाया तोच मधला टोन आहे. उजेडात पांढरा आणि कणभर अंबर, इथे थर थोडा जाड चालेल. या चित्रात प्रकाश एका बाजूने येतो आणि ओढणीच्या काठाची सावली चेहऱ्यावर पडते, त्या सावलीचा आकार हा या सगळ्या चित्राचा कणा आहे. तो आकार नकाशातल्या एखाद्या बेटासारखा सपाट भरून घ्या आणि मग बघा, डोळा-नाक काहीही न काढता कपाळ गोल वाटायला लागतं आणि ओढणी चेहऱ्यापासून सुटी होऊन पुढे येते. हे स्वतःच्या हाताखाली घडताना बघितलं की उजेड-सावली म्हणजे काय हे एकदाचं समजतं, कितीही वाचून ते तसं समजत नाही.

सावल्यांच्या आत डोकावू नका. प्रिंट डोळ्याजवळ नेली की सावलीतही शंभर गोष्टी दिसायला लागतात, परावर्तित उजेड, बारीक घड्या, काय काय, आणि नवा माणूस त्या सगळ्या उजळ करून ठेवतो. नियम साधा आहे, सावलीतली सगळ्यात उजळ जागा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. शंका आली की तुमच्या कामाचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा आणि प्रिंटशेजारी धरा, उत्तर लगेच मिळतं. हा थर पूर्ण वाळेपर्यंत पुढे जाऊ नका. अंबर लवकर वाळतो, त्यात मँगेनीज असतं, पण पांढऱ्याचे जाड ठिपके वेळ घेतात, आठवडाभर तरी थांबा आणि बोटाने हलकेच तपासा.

आता त्वचा. पॅलेटवर रंगवायला सुरुवात करण्याआधी नाइफने तीन ढीग मिसळून ठेवा. उजेडासाठी पांढरा, ऑकर आणि लालचा अगदी ठिपका. मधल्या टोनसाठी हाच उजेडाचा ढीग घ्या आणि त्यात थोडा आयव्हरी ब्लॅक आणि थोडा ऑकर घाला, तो राखाडी-हिरवट वाटेल, घाबरू नका, चेहऱ्यावर लाल भागाशेजारी बसला की तोच मोत्यासारखा थंड दिसतो. सावलीसाठी बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि कणभर अ‍ॅलिझरिन, यात पांढरा जवळजवळ नाहीच. तीन ढीग प्रिंटवर नाइफच्या टोकाने धरून बघा, जुळतायत असं वाटलं की मगच ब्रश उचला. अंडरपेंटिंगवर हे पातळ थर बसवताना एक गंमत दिसेल, गडद तपकिरीवरून फिका रंग पातळ ओढला की तो आपोआप निळसर-थंड वाटतो. जुन्या चित्रांत सावलीच्या कडेला जी सुंदर राखाडी छटा असते ती कित्येकदा अशीच आलेली असते, निळा रंग न घालताच. त्यामुळे निळा हाताशी आहे म्हणून त्वचेत ओतू नका.

गाल, नाकाचा शेंडा, बोटांची टोकं इथे लाल थोडा जास्त लागतो, कपाळाला थोडा पिवळा, हनुवटीच्या आसपास थोडा राखाडी. पण हे फरक अगदी बारीक, दोन पावलं मागे गेल्यावर फक्त जाणवले पाहिजेत. ब्लेंडिंगचा मोह आवरा. आधी तुकडे शेजारी शेजारी ठेवा, फरशी बसवल्यासारखे स्वच्छ, आणि शेवटी फक्त जोडावर मऊ कोरडा ब्रश एक-दोनदा फिरवा. सासोफेर्रातोची त्वचा चिनीमातीसारखी गुळगुळीत आहे हे खरं, पण ती गुळगुळीत दिसते कारण टोन बरोबर जागी आहेत. टोन चुकलेला असताना कितीही चोळलंत तरी चिखलच होणार.

पापणीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळा भाव तिथे आहे. खाली झुकलेली पापणी म्हणजे रेष काढायची गोष्ट नाही, आत डोळ्याचा गोळा आहे आणि त्यावरून कातडीची झडप ओढलेली आहे. आधी तो गोळा रंगवा, वरच्या बाजूला उजेड आणि बाजूंना मधला टोन. पापणीची वरची घडी भुवईकडे विरघळत जाते, तिला कुठेही एकसारखी गडद करू नका. खालची कड, जिथे पापण्यांचे केस असतात, ती रॉ अंबर आणि अ‍ॅलिझरिनने मऊ ओढा, काळ्याने अजिबात नाही, मध्यावर थोडी जाड आणि नाकाकडे जाताना पातळ. केस मोजून काढायचे नाहीत. खालच्या पापणीला फक्त एक बारीक ओलसर उजळ कड असते, ब्रशचं टोक एकदाच टेकवा आणि निघून या. ओठांच्या कोपऱ्यांचंही असंच, कोपरा एक मिलिमीटर वर गेला तर ती हसायला लागते आणि खाली गेला तर दुःखी दिसते, आणि हे चित्र या दोन्हींच्या मधल्या शांततेवर उभं आहे. इथे मी थांबून थांबून काम करायला सांगेन, चित्र आरशात बघत. हे चित्र कोणाच्या तरी प्रार्थनेसाठी केलेलं आहे, तुमची श्रद्धा कुठलीही असो वा नसो, तो भाव आदराने शोधायला हवा. तो हरवला तर कॉपी तांत्रिकदृष्ट्या बरोबर होऊनही पोर्ट्रेट म्हणून फसते.

हात चेहऱ्याएवढेच महत्त्वाचे. दोन्ही हात मिळून एकच आकार समजा आणि त्याची उजेडाची बाजू व सावलीची बाजू आधी वेगळी करा, बोटं नंतर. बोटांच्या मधल्या फटी बर्न्ट सिएना-अ‍ॅलिझरिनच्या उबदार गडद रंगाने, तिथेही काळा नको. नखं जवळजवळ दिसत नाहीत इतकी हलकी.

ओढणी पांढरी आहे म्हणून पांढऱ्या रंगाने सुरू करू नका. तिचा बराचसा भाग राखाडी आहे, उबदार आणि थंड दोन्ही, आणि शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारी जागा अगदी थोडी. ती जागा सगळ्यात शेवटी. निळ्या वस्त्राला मात्र खास वेगळी पद्धत लागते. त्या काळी मेरीच्या वस्त्राचा उत्तम निळा म्हणजे लॅपिस लाझुली दगडाचा अल्ट्रामरीन, अफगाणिस्तानातून येणारा, फार महाग. १८२८ च्या सुमारास तो कृत्रिम बनायला लागला आणि आज ट्यूबमध्ये मिळतो तो तोच. आधी अल्ट्रामरीन आणि पांढऱ्याने घड्या बांधून घ्या, हव्या त्यापेक्षा थोड्या फिक्या, सावल्यांत अल्ट्रामरीन आणि रॉ अंबर. हा थर बघून वाईट वाटेल, खडूसारखा निस्तेज दिसतो. वाळला की त्यावर तेलात पातळ केलेला नुसता अल्ट्रामरीन काचेसारखा चढवा, म्हणजेच ग्लेझ, आणि उजेडाच्या जागेवरून फडक्याने थोडा टिपून घ्या. निळा एकदम खोल होतो, आतून उजळतो. लाल झग्यालाही तसंच, खाली कॅडमियम रेड आणि सिएना, वाळल्यावर वरून अ‍ॅलिझरिनचा ग्लेझ. पार्श्वभूमीला नुसता काळा लावू नका, अंबर, ब्लॅक आणि थोडा सिएना, आणि सावलीकडच्या बाजूला वस्त्राची कड तिच्यात हरवू द्या.

तेलाचा नियम सगळ्या थरांना एकच: खाली कमी तेल, वर जास्त तेल. पहिले थर थिनरने पातळ, मधले ट्यूबमधून येतील तसे, शेवटचे ग्लेझ जवसाच्या तेलात. ऑइल पेंट पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे वरचा थर आधी वाळला आणि खालचा तेलकट थर नंतर हलत राहिला तर भेगा पडतात. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या, जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना तापतात आणि खरोखर आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात साबणाने धुवा, कॅडमियमही पोटात जायची गोष्ट नाही.

मूळ चित्राच्या इमेजमध्ये भेगा दिसल्या, जुन्या व्हार्निशचा पिवळेपणा दिसला तर तो कॉपी करायचा नाही, ते वयाचं काम आहे, चित्रकाराचं नाही. पुढे मास्टरचं नाव किंवा सही टाकू नका, मागे कॅनव्हासवर 'सासोफेर्रातोवरून' असं लिहा, खाली तुमचं नाव आणि तारीख. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी, थर जाड असतील तर वर्षाने.

आणि मग खरं पोर्ट्रेट. घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाला तरी बसवा, डोक्यावर पांढरं साधं कापड द्या, मागे गडद चादर, खोलीतले बाकी दिवे बंद आणि एकच दिवा एका बाजूने थोडा वर, आणि त्यांना मान खाली घालून काहीतरी वाचायला सांगा म्हणजे डोळे आपोआप झुकतील. कॉपी शेजारी भिंतीला टेकवून ठेवा. तोच तपकिरी पाया, तेच तीन टोन, तेच तीन ढीग, आणि सुरुवात कापडाची चेहऱ्यावर पडलेली सावली भरण्यापासून.